वाहणे थांबणे आणि भरून येणे

(जवाहर चौक, भोपाळ येथील शाळेच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना आपण कोणीच कधी नावाने हाक मारली नाही. त्या आपल्या ‘बाई’ होत्या आणि आजही ‘बाई’च आहेत. त्या विज्ञान शिकवीत. मी पुढे मराठीचा अध्यापक झालो, याची त्यांना थोडी खंत होती असे मला नेहमी वाटत आले. म्हणून यंदाच्या व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा मी ठरवले की आज वाङ्मयावर बोलायचे नाही. बाईंच्या विषयावर बोलायचे, पण माझ्या वाटेने, म्हणजे शब्दाच्या वाटेने जायचे.

आपण बसलो आहोत तो भाग टी. टी. नगरचा. जवाहर चौकाच्या पत्त्यात आपण ही दोन अक्षरे आयुष्यभर लिहिली. ती तात्या टोपे या नावाची अक्षरे आहेत, येवल्यात जन्मलेल्या एका मराठी माणसाची आहेत, हे लिहिताना आपल्या मनात येत नाही. शब्द रोजच्या वापराने असा गुळगुळीत होतो की त्याच्यातला अर्थ हाताला लागत नाही. पत्त्याच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही. रुग्णालयात मात्र बिघडते, आणि ते कसे बिघडते हे मी स्वतः पाहिले आहे. आजचे व्याख्यान त्यातूनच निघाले आहे.

विषय आहे शस्त्रक्रियेनंतर पचनमार्गाला पडणारे छिद्र, ज्याला डॉक्टर ‘फिस्टुला’ म्हणतात, आणि त्यावरील औषधोपचार. मी वैद्य नाही. जे सांगणार आहे ते वाचून आणि जाणत्यांना विचारून मिळवलेले आहे. उपचार सांगण्याचा माझा अधिकार नाही. उपचारातल्या शब्दांचा अर्थ सांगण्याचा थोडासा अधिकार मात्र मला आहे, असे मी मानतो.

प्रथम शब्दच पाहू. ‘फिस्टुला’ हा लॅटिन शब्द. त्याचा मूळ अर्थ नळी, बोरू, पोकळ वेताची बासरी. आपल्याकडे सुश्रुताने याच जातीच्या विकाराला ‘नाडीव्रण’ म्हटले. ‘नाडी’ हा शब्द ‘नड’पासून आला, आणि नड म्हणजेही बोरूच. वैद्य पाहतात ती नाडी आणि लेंग्यात ओवतात ती नाडी, या दोन्हींच्या मागे हा पोकळ बोरू उभा आहे. एकमेकांशी भेट नसलेल्या दोन भाषांनी एक रोग पाहिला आणि दोघींनाही तीच उपमा सुचली. जखम वरून लहान दिसते, पण आत नळीसारखी खोल जाते आणि सतत वाहते. वाहणारी नळी, हेच या रोगाचे रूप होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नाडीव्रण म्हटले की आपल्या लोकांना भगंदर आठवते आणि भगंदर म्हटले की क्षारसूत्र आठवते. भगंदर हा गुदद्वाराजवळचा नाडीव्रण. त्यावर क्षारसूत्राचा उपचार प्राचीन आहे आणि आजही केला जातो. मी ज्याविषयी बोलतो आहे तो प्रकार निराळा. पोटाची शस्त्रक्रिया होते, आतड्याचा एखादा तुकडा काढून दोन टोके जोडली जातात, आणि चार-आठ दिवसांनी ती जोडणी एका जागी सुटते. आतला रस वाट शोधतो आणि पोटावरच्या जखमेतून बाहेर येऊ लागतो. येथे क्षारसूत्राचे काही काम नाही. आतडे आणि पोटाची त्वचा यांच्यामधील असे जे नाडीव्रण होतात त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक शस्त्रक्रियेनंतरचे असतात. आतड्याचा क्षयरोग आणि विषमज्वराने आतड्याला पडणारे भोक हे आजार आपल्या देशात अजून गेलेले नाहीत. त्यांच्यासाठी तातडीने पोट उघडावे लागते, आणि अशक्त, जंतुदोषाने ग्रासलेल्या शरीरातली जोडणी सुटण्याचा धोका अधिक असतो.

सुश्रुतालाही आतड्याच्या जोडणीची चिंता होती. आतडे फाटले असता त्याच्या कडा जुळवून त्यांना मोठ्या काळ्या मुंग्या चाववाव्यात, मग धड तोडून डोकी तेथेच ठेवावीत, असे त्याने चिकित्सास्थानात सांगितले आहे. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. अभिमान असावा, पण त्या मुंग्यांमागची भीती आपण विसरतो. आतड्याचा टाका सुटला तर काय होते हे त्या माणसाने पाहिले असले पाहिजे.

काय होते ते आता सांगतो. आपल्या पचनमार्गात दिवसाकाठी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव मिळून सुमारे सात लिटर रस पाझरतो. त्यात आपले दोन लिटर अन्नपाणी मिसळले की नऊ लिटर झाले. त्यातले जवळजवळ सर्व शरीर परत शोषून घेते आणि मळावाटे जेमतेम शे-दोनशे मिलिलिटर बाहेर जाते. हा व्यवहार इतका काटेकोर आहे की मध्येच नळीला भोक पडले तर माणसाचे दिवाळे निघते. पाणी जाते, मीठ जाते, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि जस्त जाते, प्रथिने जातात. आणि जो रस अन्न पचवण्यासाठी निर्माण झाला तो पोटाच्या त्वचेवर येऊन तिलाच पचवू लागतो. चोवीस तासांत पाचशे मिलिलिटरपेक्षा अधिक वाहत असेल तर डॉक्टर त्याला अधिक स्रावाचा फिस्टुला म्हणतात, दोनशेपेक्षा कमी असेल तर अल्प स्रावाचा. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता माझी गोष्ट. १९९८ साली माझ्या धाकट्या भावाच्या आतड्याला पीळ पडला. तोही बाईंचाच विद्यार्थी. गाव आणि रुग्णालय यांची नावे सांगत नाही, कारण मला कोणाला दोष द्यायचा नाही. शस्त्रक्रिया चांगली झाली. सहाव्या दिवशी सकाळी त्याच्या पट्टीवर हिरवट पिवळा डाग दिसला आणि दुपारपर्यंत चादर भिजली. संध्याकाळी तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. ते म्हणाले, “घबराइए मत. एक इंजेक्शन है, महँगा है, दिन में तीन बार लगेगा. इससे बंद हो जाएगा.”

‘इससे बंद हो जाएगा.’ मित्रहो, त्या वाक्याला कर्ता नव्हता. काय बंद होणार? भोक की वाहणे? मी भाषेचा प्राध्यापक. विद्यार्थ्यांच्या वाक्यात कर्ता सापडला नाही तर तांबड्या शाईने खूण करणारा. त्या संध्याकाळी मी कर्ता विचारला नाही. मी मनानेच ठरवले की भोक बंद होणार.

ते इंजेक्शन ऑक्ट्रिओटाइडचे होते. ते थंड ठेवावे लागते, म्हणून औषधाच्या दुकानातून थर्मासमध्ये बर्फ घालून आम्ही ते आणत असू. वहिनीच्या पाटल्या आधी गेल्या, मग माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून उचल झाली. रोज सकाळी पट्टी उघडली की आम्ही सारे एकच पाहत होतो : भोक मिटले का? ते मिटत नव्हते. तीन आठवडे झाले आणि आमच्या घरात ‘औषध लागू पडत नाही’ हे वाक्य रुजले.

हे औषध कोठून आले ते पाहिल्याशिवाय आमची चूक कोठे होती ते कळणार नाही. म्हणून भावाची गोष्ट येथे थोडी थांबवतो.

पचनाचे रस कोण सोडतो आणि कोण थांबवतो, हे ज्ञान मनुष्याला प्रथम एका नाडीव्रणातूनच मिळाले. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीचा बार लागला. जठराला पडलेले भोक पोटाच्या कातडीशी जुळून गेले आणि कायमचे उघडे राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या खिडकीतून अन्नाचे तुकडे दोऱ्याला बांधून आत सोडले, बाहेर काढले आणि काय पचले, किती वेळात पचले ते नोंदले. त्यांचे पुस्तक १८३३ साली निघाले. सेंट मार्टिन त्या भोकासह १८८० सालापर्यंत जगला. पुढे रशियात पावलोव्ह यांनी कुत्र्यांमध्ये मुद्दाम असे मार्ग तयार करून पाचक रसांचा अभ्यास केला आणि १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवले की आतडे रक्तातून स्वादुपिंडाला निरोप धाडते आणि स्वादुपिंड रस सोडते. त्या निरोप्याला त्यांनी ‘सीक्रेटीन’ म्हटले. असल्या निरोप्यांना आपण मराठीत संप्रेरक म्हणतो, आणि हा शब्द मला फार सुंदर वाटतो, कारण प्रेरणा त्यात आहे.

जेथे प्रेरणा देणारे आहेत तेथे आवरणारेही असले पाहिजेत. तो सापडायला १९७३ साल उजाडले. रोजे गिय्मँ यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या मेंदूतून चौदा ॲमिनो आम्लांची एक छोटी साखळी वेगळी करण्यात आली. तिने शरीरवाढीचे संप्रेरक थोपवले, म्हणून तिचे नाव सोमॅटोस्टॅटिन. ‘सोमा’ म्हणजे ग्रीकमध्ये शरीर, आणि ‘स्टॅट’ हा आपल्या ‘स्था’ धातूचाच भाऊ. गिय्मँ यांना १९७७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. लवकरच कळले की हे द्रव्य आतड्यात आणि स्वादुपिंडातही आहे आणि तेथे ते पचनाच्या जवळजवळ सर्व रसांना आवर घालते. आतड्याची हालचाल मंद करते, पोटातल्या अवयवांकडे जाणारे रक्तही थोडे कमी करते.

शल्यचिकित्सकांना वाटले, नाडीव्रणाला हवे ते हेच. अडचण एकच होती. सोमॅटोस्टॅटिन रक्तात गेल्यावर दोन-तीन मिनिटांत निम्मे नाहीसे होते, त्यामुळे ते शिरेतून अखंड द्यावे लागते. मग स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सँडोझ कंपनीच्या शास्त्रज्ञांनी चौदाच्या जागी आठच ॲमिनो आम्लांची साखळी बनवली आणि १९८२ साली ती जाहीर केली. तिचा टिकाव सुमारे दीड तासाचा, म्हणून दिवसातून तीनदा त्वचेखाली टोचले तरी चालते. तेच ऑक्ट्रिओटाइड. ‘ऑक्ट’ म्हणजे आपले ‘अष्ट’. भावाच्या उशाशी थर्मासमध्ये ठेवलेल्या त्या कुपीवर ‘अष्ट’ आणि ‘स्था’ हे दोन संस्कृतचे भाऊबंद बसले होते, आणि मला त्यांची ओळख पटली नाही.

चरकाने उपचारांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत एक स्तंभन, म्हणजे वाहत्याला थांबवणे. दुसरा बृंहण, म्हणजे क्षीण झालेल्याला भरणे. ऑक्ट्रिओटाइड हे स्तंभन आहे. त्याच्या नावातही तेच आहे आणि गुणातही तेच. ते वाहणे कमी करते. भोक भरणे हे त्याचे काम नाही. ते काम शरीर करते, आणि शरीराला त्यासाठी बृंहण लागते.

मी हे शब्दाच्या प्रेमापोटी म्हणत नाही. शास्त्रीय प्रयोगांची साक्षही अशीच आहे. १९९२ साली स्पेनमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना केवळ शिरेवाटे पोषण दिले, काहींना त्याबरोबर सोमॅटोस्टॅटिन दिले. फिस्टुला मिटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. मिटायला लागणारा वेळ मात्र सुमारे वीस दिवसांवरून चौदा दिवसांवर आला. १९९५ साली स्पेनमधूनच ऑक्ट्रिओटाइडवरचा अभ्यास आला, त्यात फारसा लाभ दिसला नाही. पुढे असे सारे अभ्यास एकत्र करून २०१२ साली जे आढावे निघाले त्यांचे सार असे : या औषधांनी मिटण्याचा काळ कमी होतो, मिटण्याची शक्यताही काहीशी वाढते, पण मृत्यूंच्या संख्येत फरक दिसत नाही. २०१७ साली अमेरिका आणि लॅटिन अमेरिका येथील पोषणशास्त्रज्ञांच्या संस्थांनी मिळून जी मार्गदर्शक सूत्रे दिली त्यांत पाचशे मिलिलिटरपेक्षा अधिक वाहणाऱ्या फिस्टुलासाठी हे औषध सुचवले आहे, तेही वाहणे कमी व्हावे आणि आपोआप मिटण्याला मदत व्हावी या हेतूने. अल्प वाहणाऱ्या फिस्टुलाला त्याचा उपयोग थोडा आणि खर्च मोठा. शिवाय हे औषध निरुपद्रवी नाही. मळमळ, रक्तातील साखरेचे चढउतार, दीर्घकाळ घेतल्यास पित्ताशयात खडे, अशी त्याची किंमत आहे. काही दिवसांत वाहणे स्पष्टपणे कमी झाले नाही तर ते पुढे रेटण्यात अर्थ नसतो.

फिस्टुला होऊ नये म्हणून अगोदरच औषध द्यावे का, हाही प्रश्न विचारला गेला. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेत गळती फार होते. २०१४ साली न्यूयॉर्कमधील एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात तीनशे रुग्णांवर याच कुळातल्या पॅसिरिओटाइड या औषधाचा प्रयोग झाला. गंभीर गळती आणि तज्जन्य गळू यांचे प्रमाण २१ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. आशा वाढली. इतर केंद्रांत मात्र तसाच लाभ सर्वत्र दिसला नाही. विज्ञानाची चाल अशीच असते, हे बाई आपल्याला सांगत असत. एका प्रयोगावर टाळ्या वाजवायच्या नाहीत.

मग मृत्यू कशाने कमी झाले? कारण ते कमी झाले आहेत, यात शंका नाही. १९६० साली बॉस्टनच्या एका प्रसिद्ध रुग्णालयातील नोंदी प्रसिद्ध झाल्या, तेव्हा अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होते. आज चांगल्या केंद्रांतून ते पाच ते वीस टक्क्यांच्या दरम्यान सांगितले जाते. या बदलात ऑक्ट्रिओटाइडचा वाटा लहान आहे. मोठा वाटा तीन साध्या गोष्टींचा आहे.

पहिली, जंतुदोष आवरणे. पोटात पू साठला असेल तर तो बाहेर काढावा लागतो. प्रतिजैविके त्याला साहाय्य करतात, पण साठलेला पू केवळ गोळ्या-इंजेक्शनांनी जात नाही. ही माणसे दगावतात ती बहुधा या जंतुदोषाने.

दुसरी, पोषण. १९६४ साली कॅलिफोर्नियातील शल्यचिकित्सकांनी दाखवले की ज्यांना पुरेशी कॅलरी मिळाली ते फार मोठ्या प्रमाणात वाचले आणि जे उपाशी राहिले ते फार मोठ्या प्रमाणात गेले. १९६८ साली फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या शिरेतून संपूर्ण आहार देता येतो हे सिद्ध केले. तोंडाने काहीही न घेता माणूस महिनोन्‌महिने तगू शकतो, ही तेव्हा अद्भुत गोष्ट होती. आज शक्य तेथे तोंडाने किंवा नळीने आतड्यातच अन्न देण्याकडे कल आहे, कारण ते स्वस्त आहे आणि आतडे त्याने जिवंत राहते. सलाइनची बाटली म्हणजे पोषण नव्हे, हे मात्र प्रत्येक नातेवाइकाने मनात पक्के करावे. त्या बाटलीत पाणी आणि मीठ असते, फार तर थोडी साखर.

तिसरी, त्वचेची निगा. येथे आपल्या मातीचा एक संबंध सांगण्याचा मोह आवरत नाही. मध्य प्रदेशाच्या जंगलात ‘कुल्लू’ नावाचे पांढऱ्या गुळगुळीत सालीचे झाड आहे, मराठीत त्याला कांडोळ म्हणतात. त्याचा डिंक ‘कराया’ नावाने परदेशी जात असे आणि कवळी घट्ट बसवण्याच्या भुकटीत वापरला जाई. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँड येथील शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांच्या लक्षात आले की हा डिंक ओल्या त्वचेवर चिकटून तिचे रक्षण करतो. पोटावर पिशवी चिकटवण्याच्या आधुनिक पद्धतीला त्याने मोठी चालना मिळाली. पिशवी नीट बसली की त्वचा वाचते, आणि दुसरेही एक काम होते. किती वाहिले ते मोजता येते.

मोजता येते हे महत्त्वाचे आहे, आणि येथे मी भावाकडे परत येतो.

चौथ्या आठवड्यात रात्रपाळीच्या एका वयस्क परिचारिकेने मला तक्ता दाखवला. त्यावर रोजच्या स्रावाचे आकडे होते. आरंभी ९००, मग ७००, मग ५५०, आणि त्या दिवशी ४००. त्या म्हणाल्या, “भाईसाहब, दवाई का काम तो हो रहा है. आप लोग छेद देखते हैं, मैं बोतल देखती हूँ.” आम्ही ज्याला औषधाचे अपयश म्हणत होतो ते त्याचे यश होते. ते यश असलेला कागद तीन आठवडे पलंगाच्या पायथ्याशी लटकत होता, आणि मला त्यावरचा एकही शब्द अपरिचित नव्हता.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही. “पानी कौन पिलाता है इनको?” भावाला सतत तहान लागे. आम्ही माया म्हणून त्याला पेल्यामागून पेला पाणी देत होतो, शहाळ्याचे पाणी देत होतो, पातळ सरबत देत होतो. आमची समजूत अशी की जेवढे वाहते तेवढे भरून काढावे. आतड्याच्या वरच्या भागात भोक असेल तर हे उलटे काम करते. नुसते पाणी आतड्यात गेले की शरीरातले मीठ त्या पाण्यात उतरते, आणि ते मिठाचे पाणी भोकातून बाहेर पडते. म्हणजे जितके पाजावे तितके अधिक वाहते आणि तहान अधिकच वाढते. अशा रुग्णाला नुसते पाणी मोजून द्यायचे असते, आणि त्याऐवजी मीठ-साखरेचे योग्य प्रमाणातले द्रावण घोटघोट द्यायचे असते, कारण मीठ आणि साखर एकत्र असली की आतडे दोघांना एका दाराने आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. हेच तत्त्व १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या रोग्यांसाठी वापरले आणि हजारोंचे प्राण वाचवले. फिस्टुलाच्या रुग्णाला मात्र मीठ त्याहून अधिक लागू शकते, आणि ते प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

त्या दिवसापासून पाण्याचा पेला मोजला जाऊ लागला. डॉक्टरांनी जठरातील आम्ल कमी करणारे औषध आधीच सुरू केले होते. आता आतड्याची चाल मंद करणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायच्या. ही साधी, स्वस्त गोळी. जुलाब झाल्यावर आपण घरात घेतो तीच. वाहत्या फिस्टुलात ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत द्यावी लागते आणि पुष्कळदा चांगले काम करते. महागड्या इंजेक्शनाच्या छायेत ही गोळी आम्हाला क्षुद्र वाटली होती. स्राव २०० च्या खाली आला. इंजेक्शन थांबवण्यात आले. दूध, अंडी, प्रथिनांची भुकटी, हे सारे नियमाने सुरू झाले. भाऊ पलंगावर उठून बसू लागला.

भोक मात्र मिटले नाही. मिटणारे फिस्टुले बहुधा जंतुदोष आवरल्यावर चार-सहा आठवड्यांत मिटतात. पुढे आतड्याला अडथळा असेल, आत एखादी परकी वस्तू राहिली असेल, कर्करोग किंवा किरणोपचार यांनी ऊतक बिघडले असेल, किंवा भोकाच्या आतून अस्तर तयार झाले असेल, तर कोणत्याही औषधाने ते मिटत नाही. मग पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती घाईने करता येत नाही. पहिल्या शस्त्रक्रियेनंतरचे काही महिने पोटात सारे चिकटलेले असते, तेव्हा हात घातला तर एका भोकाची तीन होतात. म्हणून निदान तीन महिने, पुष्कळदा सहा महिने, वाट पाहावी लागते. भावाची दुसरी शस्त्रक्रिया साडेपाच महिन्यांनी झाली. तो आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे आणि येथे तिसऱ्या रांगेत बसून मी काही चुकीचे सांगतो का ते पाहत आहे.

त्या साडेपाच महिन्यांत औषधाने आम्हाला काय दिले? वेळ दिला. वाहणे कमी झाले म्हणून त्वचा वाचली, मीठ-पाणी शरीरात राहिले, अन्न अंगी लागले, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेला तोंड देण्याइतके शरीर उभे राहिले. हे देणे लहान नव्हते. आम्ही मात्र त्याच्याकडून दुसरेच काही मागत होतो, आणि ते मिळत नाही म्हणून त्याला दूषण देत होतो. वहिनीच्या पाटल्या वाया गेल्या नाहीत. पण त्या कशासाठी गेल्या हे तिला त्या वेळी कोणी सांगितले असते, तर त्या रात्री तिला थोडी झोप लागली असती.

मित्रहो, हे केवळ डॉक्टरांचे काम आहे असे मी म्हणत नाही. ते तरुण डॉक्टर खोटे बोलले नव्हते. ते दमलेले होते आणि त्यांनी आमच्या भाषेत, धीर देण्यासाठी, एक छोटे वाक्य उच्चारले. त्यांच्या मनातला कर्ता ‘बहना’ हा होता, माझ्या मनातला ‘छेद’. दोघांच्या मध्ये भाषा होती आणि ती नीट वापरण्याची जबाबदारी माझीही होती.

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी याच भोपाळमध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन असे तीन विषय. त्यावर मोठी चर्चा झाली, वादही झाले. आम्हा मराठी माणसांना यात नवल वाटू नये. एकोणिसाव्या शतकातच मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकवणारा वर्ग चालत होता आणि त्यासाठी मराठीत ग्रंथ लिहिले गेले होते. पाठ्यपुस्तके कोणत्या भाषेत असावीत यावर मी आज मत देणार नाही. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. डॉक्टर कोणत्याही भाषेत शिकोत, रुग्णाच्या उशाशी उभे राहून ते जे वाक्य बोलतात ते पूर्ण असावे, आणि ते अपुरे असेल तर आपण ते पूर्ण करून घ्यावे.

म्हणून जाताना चार प्रश्न आपल्या हाती देतो. आपल्यापैकी कोणावर ही वेळ न येवो, पण आली तर हे प्रश्न एका कागदावर लिहून न्यावेत. हे औषध नेमके काय करणार, वाहणे कमी करणार की भोक मिटवणार? ते काम होते आहे हे कोणत्या आकड्यावरून कळेल? किती दिवसांत तो आकडा हलला नाही तर आपण थांबणार? आणि औषधाबरोबर रुग्णाच्या पोटात अन्न किती जाते आहे, पाणी कोणते जाते आहे? डॉक्टर रागावणार नाहीत. चांगला डॉक्टर असा प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकाची वाटच पाहत असतो.

बाईंच्या तासाला कोणी “समजले” असे म्हटले की त्या विचारीत, “काय समजले ते तुझ्या शब्दांत सांग.” आम्हाला तो छळ वाटे. १९९८ साली त्या डॉक्टरांना मी एवढेच म्हणालो असतो, “मला जे समजले ते सांगतो, बरोबर आहे का पाहा,” तर तीन आठवड्यांचा अंधार टळला असता. बाईंचा प्रश्न मी चौदाव्या वर्षी ऐकला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याचा उपयोग करायचा विसरलो. आज त्यांच्या स्मृतीपुढे ती चूक मान्य करून, आणि तो प्रश्न आपल्या सर्वांच्या स्वाधीन करून, मी माझे व्याख्यान संपवतो.